थर्मल पॅड (पीसीबी फूटप्रिंटमधील)

चिपच्या किंवा रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) पोटाशी असलेला धातूचा उघडा भाग सर्किट बोर्डावर (पीसीबीवर) ज्या तांब्याच्या पॅडला सोल्डर होतो, तो थर्मल पॅड. फूटप्रिंटमध्ये, म्हणजे बोर्डावरील त्या चिपच्या पॅडांच्या आराखड्यात, त्याला स्वतंत्र क्रमांक देतात. ३२ पिनच्या क्यूएफएनमध्ये (बाहेर पाय न आलेल्या चपट्या चौकोनी चिपमध्ये) तो ३३ असतो.

या पॅडचा उगम काही जण क्यूएफएनपासून धरतात. क्यूएफएनचा प्रसार मात्र साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा आहे. टीओ-२२० सारख्या जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरांचा टॅब (पाठीचा धातूचा पत्रा) हेच त्याचे मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

टॅब आतून कशाला जोडला आहे, हे डेटाशीटमध्ये आधी पाहावे. रेग्युलेटरांपैकी ७८०५ चा टॅब ग्राउंड, ७९०५ चा इनपुट, एलएम३१७ आणि १११७ यांचा आउटपुट, तर मॉस्फेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा बहुधा ड्रेन असतो. १११७ च्या टॅबखाली सवयीने ग्राउंडचे तांबे पसरले, तर आउटपुट थेट शॉर्ट होते.

५ × ५ मिमी क्यूएफएनखाली ३.४५ मिमीचा चौरस पॅड असेल, तर सोल्डर पेस्ट लावायच्या पत्र्यात (स्टेन्सिलमध्ये) तेवढीच एकसंध खिडकी ठेवू नये. पेस्ट जास्त झाली की चिप सोल्डरवर तरंगते आणि कडेच्या पिना सुट्या राहतात. १.४ मिमीच्या चार खिडक्या केल्यास सुमारे ६६ टक्के भाग झाकला जातो; ५० ते ८० टक्के ही रूढ मर्यादा आहे. पॅडमध्ये ०.३ मिमी छिद्राचे नऊ व्हाया (उष्णता खालच्या थराकडे नेणारी, आतून तांबे चढवलेली छिद्रे) १ ते १.२ मिमी अंतरावर द्यावेत आणि ते खालच्या तांब्याला थर्मल रिलीफ (बारीक पट्ट्यांची जोडणी) न ठेवता सरळ जोडावेत. १.६ मिमी बोर्डातील असा एक व्हाया, आतला मुलामा २५ मायक्रॉन धरल्यास, उष्णतेला दर वॅटला सुमारे १९० अंशांचा रोध देतो. नऊ मिळून तो २१ वर येतो.

व्हाया उघडे ठेवावेत की बंद, यावर मतभेद आहेत. उघड्या व्हायातून सोल्डर खाली ओघळते, सांधा उपाशी राहतो आणि खालच्या बाजूला गाठी येतात. वरून मास्कने (सोल्डर न चिकटणाऱ्या थराने) झाकले तर पॅडचे क्षेत्र घटते. भरून वर तांबे चढवणे सर्वांत खात्रीचे, पण महाग. साध्या दुपदरी बोर्डाला लहान छिद्र आणि खालून मास्क हा मार्ग बहुधा पुरतो.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. शेतातल्या मोटारीच्या ऑटोची (मोटार आपोआप सुरू करणाऱ्या यंत्राची) बंद पत्र्याची पेटी उन्हात असते. तिच्या आत ६० अंश धरूनच हिशेब करावा. एसओटी-२२३ या छोट्या आवरणातील १११७ चा उष्णतारोध तांब्याच्या क्षेत्रानुसार दर वॅटला ४६ ते ९० अंश असतो. चिपमध्ये १ वॅट खर्ची पडल्यास तिच्या आतले तापमान तांबे भरपूर असल्यास १०६, तुटपुंजे असल्यास १५० अंश होते. मर्यादा १२५ ची आहे.

सोल्डर वितळवायचे ओव्हन नसल्यास नमुना बोर्डात पॅडच्या मध्यभागी सुमारे २ मिमीचे मुलामा दिलेले एकच छिद्र ठेवतात. आधी कडेच्या पिना पकडवून, मग बोर्ड उलटा करून फ्लक्ससह खालून सोल्डर भरतात.