एका फळीचा हजार वर्षांचा प्रवास: 'बोर्ड' या शब्दाची पार्श्वभूमी

"आज बोर्ड मोठं आहे, आपलं मॅटर दुपारनंतरच निघेल." वकिलाने असं सांगितलं की पक्षकार मुकाट्याने बाकावर टेकतो. कोर्टात बोर्ड म्हणजे त्या दिवशी सुनावणीला लागलेल्या प्रकरणांची यादी. त्याच पक्षकाराच्या मुलीचं यंदा बोर्डाचं वर्ष असू शकतं, म्हणजे ती दहावीला आहे. त्याचे वडील 'बोर्डातून' निवृत्त झालेले, म्हणजे वीज मंडळातून. आजोबा बोर्डिंगात राहून शिकलेले. संध्याकाळी घरी परतताना वाटेतल्या नाट्यगृहावर 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड दिसतो आणि घरात पाऊल टाकताच अंधारात हात जातो तो स्विचबोर्डाकडे.

इतके अर्थ एका शब्दात राहतात आणि बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही. मराठीने त्यांची सोयही लावून ठेवली आहे. दुकानावर लावतो 'तो' बोर्ड, आणि निकाल लावतं 'ते' बोर्ड. पाटी असेल तर बहुधा पुल्लिंग, संस्था असेल तर नपुंसकलिंग. ही वाटणी कुणी ठरवून केलेली नाही, बोलता बोलता झाली आहे.

या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एक तासलेली लाकडी फळी आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. स्पेलिंगमध्ये तेव्हा 'ए' नव्हता. पण तेव्हासुद्धा हा शब्द एका अर्थावर थांबलेला नव्हता. फळीपासून जे जे बनायचं त्यालाही बोर्डच म्हणत: जेवणाचं टेबल, गलबताची बाजू आणि सैनिकाची ढाल. शिवाय भाषेच्या अभ्यासकांच्या मते यात दोन वेगळे जर्मानिक शब्द मिसळले आहेत. एक फळीचा, दुसरा कडेचा, काठाचा. उच्चार सारखे असल्याने ते एकमेकांत विरघळून गेले. यातला काठाचा शब्द फ्रेंचमध्येही गेला आणि तिथून 'बॉर्डर' होऊन इंग्रजीत परतला. आपण साडीची बॉर्डर म्हणतो ती या नात्याने बोर्डाची चुलत बहीण लागते.

ढालीच्या अर्थापाशी मात्र मला थांबायचं आहे. त्या काळातल्या ढाली लिंडन नावाच्या झाडाच्या हलक्या फळ्या जोडून करत. सैनिक खांद्याला खांदा लावून उभे राहत, ढालीला ढाल भिडवत आणि समोर लाकडाची सलग भिंत उभी करत. या भिंतीला शब्द होता 'बोर्डवेआल', म्हणजे फळ्यांची भिंत. इसवी सन ९३७ मध्ये ब्रुनानबर्ग इथे इंग्लंडचा राजा अ‍ॅथेलस्टन आणि त्याचा भाऊ एडमंड यांनी स्कॉट आणि नॉर्स सैन्यांचा पराभव केला. त्या वर्षाची इंग्रजी बखरीतली नोंद कवितेत आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच या भावांनी तलवारींनी बोर्डवेआल फोडल्याचं वर्णन येतं.

त्यांनी फळी फोडली! मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायची गरजच नाही. शत्रूची फळी फोडणं आपल्याकडे पूर्वापार आहे. पहिल्या फळीचे नेते आहेत, कार्यकर्त्यांची दुसरी फळी आहे, क्रिकेटच्या बातम्यांत मधली फळी कोसळते, फुटबॉलच्या बातम्यांत बचावफळी भेदली जाते. फळी हा शब्द संस्कृत 'फलक'च्या घराण्यातला. फलक म्हणजे लाकडी पट्टी, लिहायची पाटी, सोंगट्यांचा पट, आणि ढालसुद्धा. अमरकोशात ढालीचे शब्द सांगताना पहिलाच शब्द फलक आहे. दोन भाषा एकमेकींपासून हजारो मैलांवर, मधे कसली देवाणघेवाण नाही, आणि दोघींनीही फळीकडे पाहून ढाल म्हटलं. बोर्ड आणि फलक हे शब्द एका मुळाचे नाहीत. सारखी आहे ती माणसाची नजर, आणि भाषेच्या अभ्यासात मला याहून आनंद देणारं फारसं काही नाही.

इंग्रजीत मात्र ढालीचा अर्थ पुढे मावळला. गलबताचा टिकला. जुनी गलबतं वल्ह्यासारख्या सुकाणूने वळवत आणि ते सुकाणू उजव्या अंगाला बांधलेलं असे. म्हणून उजवी बाजू 'स्टिओरबोर्ड', सुकाणूची फळी. आजचा स्टारबोर्ड तो हाच, त्यात तारा कुठेच नाही. डाव्या बाजूला सुकाणू धरणाऱ्याची पाठ येई, म्हणून ती 'बॅकबोर्ड'. पुढे इंग्रजीत तिला 'लारबोर्ड' म्हणू लागले. वादळात 'स्टारबोर्ड' आणि 'लारबोर्ड' या हाकांत घोटाळा होई, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये लारबोर्ड बंद करून 'पोर्ट' शब्द सक्तीचा केला. जहाजाची फळी ओलांडून आत जाणं म्हणजे बोर्ड करणं. विमानतळावर हातात असतो तो बोर्डिंग पास याच अर्थाचा, आणि नव्या नोकरीत पहिल्या दिवशी होणारं 'ऑनबोर्डिंग'ही याच गलबताचं.

वसतिगृहाचं बोर्डिंग याहून वेगळं आहे. अक्षरं तीच, पण ते आलं टेबलावरून.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या घरातसुद्धा जेवणाचं कायमचं टेबल क्वचितच असे. जेवायची वेळ झाली की लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या आणि जेवणं झाली की त्या उचलून भिंतीला लावायच्या. आपल्याकडे पंगतीला पाट मांडतात आणि नंतर उचलून ठेवतात, तसंच. त्यामुळे बोर्ड म्हणजे टेबल, आणि लवकरच टेबलावरचं जेवण. स्वीडिश भाषेत आजही टेबलाला 'बोर्ड' म्हणतात, डच भाषेत ताटाला. इंग्रजीत मात्र फ्रेंचच्या वाटेने 'टेबल' हा शब्द आला आणि त्याने ही जागा घेतली. गंमत म्हणजे टेबलाचं मूळ जे लॅटिन 'टाबुला', त्याचाही अर्थ फळीच. एका फळीने दुसऱ्या फळीला उठवलं. पण उठता उठता बोर्डाने जेवणाचा अर्थ सोबत नेला. ठरलेले पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी रोज जेवणारा तो 'बोर्डर'. बसस्टँडसमोर 'लॉजिंग-बोर्डिंग' अशी पाटी असते, तिच्यात लॉजिंग म्हणजे निजायची सोय आणि बोर्डिंग म्हणजे जेवायची.

या अर्थाला महाराष्ट्रात जे मोल आलं ते इंग्रजीतही क्वचितच आलं असेल. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग एकामागून एका समाजाची बोर्डिंगं निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. खेड्यातल्या हुशार मुलाला शाळेपेक्षा मोठी अडचण असायची ती शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे, ही. ती अडचण या इमारतींनी सोडवली, आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणू लागले.

कोल्हापुरातली बोर्डिंगं बहुतेक एकेका समाजाची होती. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरला शिकताना जैन बोर्डिंगात राहिलेले. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांचं मिळून. मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र राबायचं, एका पंगतीला जेवायचं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. बोर्ड म्हणजे सगळे ज्याभोवती जेवायला बसतात ती फळी, हा अर्थ त्या घरात अक्षरशः खरा होता. आज मराठीत बोर्डिंग म्हटलं की खोल्या आणि खाटा डोळ्यांपुढे येतात, जेवण मागे पडलं आहे. साताऱ्याची आठवण काढताना तरी ते पुढे यायला हवं.

टेबलाभोवती माणसं जेवायला बसतात तशी कारभार करायलाही बसतात. मग टेबलाचं नाव तिथे बसणाऱ्यांना लागतं. इंग्लंडच्या राजवाड्याचा खर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीला 'बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ' म्हणत, कारण त्यांच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं असे. (फ्रेंचमधल्या 'ब्युरो'ची कथाही अशीच: आधी जाडंभरडं कापड, मग ते कापड घातलेलं मेज, मग कचेरी, मग खातं.) सोळाव्या शतकापर्यंत बोर्ड म्हणजे विचारविनिमयाला बसलेली मंडळी हा अर्थ रुळला होता. १६९६ मध्ये व्यापार आणि वसाहतींवर देखरेख करणारं मंडळ स्थापन झालं, ते पुढे 'बोर्ड ऑफ ट्रेड' म्हणून ओळखलं गेलं. पत्त्यांच्या डावात हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे, त्यावरून चोख व्यवहाराला 'अबव्ह बोर्ड' म्हणू लागले ते सतराव्या शतकात.

हिंदुस्थानच्या नशिबी हा बोर्ड १७८४ मध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर ब्रिटिश सरकारचा लगाम हवा म्हणून पंतप्रधान पिट यांच्या कायद्याने लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलं. ते १८५८ पर्यंत होतं. इथल्या लोकांचं भवितव्य जिथे ठरायचं त्या टेबलाशी इथल्या एकालाही खुर्ची नव्हती. मुंबईत १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन निघालं तेव्हा चित्र थोडं बदललं. त्या बोर्डावर जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होते, आणि अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्याशी त्यांचा वाद झाला तो शिक्षणाच्या माध्यमावरून. पेरींचा भर इंग्रजीवर. नानांचं म्हणणं असं की सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते देशी भाषांतूनच न्यावं लागेल. मराठी शाळांच्या बाजूने ही लढत ज्या टेबलावर झाली त्याचं नाव बोर्ड होतं, हे विसरू नये. १८५५ मध्ये शिक्षण खातं आलं आणि ते बोर्ड संपलं.

गावोगावी हा शब्द पोचवला तो लोकल बोर्डांनी. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. रस्ते, दवाखाने, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे. जुन्या माणसांच्या तोंडी 'बोर्डाची शाळा' म्हणजे हीच शाळा, दहावीच्या बोर्डाशी तिचा संबंध नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्ड गेलं. दहावीचं आजचं राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासूनचं, मुख्यालय पुण्याला. वीज मंडळ १९६० मध्ये झालं आणि २००५ मध्ये त्याच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, तरी वीज गेली की कितीतरी घरांत अजून 'बोर्डात फोन लाव' असंच म्हणतात. छावणीच्या गावांत कॅन्टोन्मेंट बोर्ड, आणि १९२८ पासूनच्या बीसीसीआयमधला पहिला 'बी'ही हाच.

सरकारी मराठीने या सगळ्यांसाठी 'मंडळ' शब्द घेतला. मला तो फार नेमका वाटतो. इंग्रजीने मधल्या फळीवरून नाव ठेवलं, मराठीने तिच्याभोवती झालेल्या माणसांच्या वर्तुळावरून. मंडळात फळी उरत नाही, माणसं उरतात. तरी निकालाच्या दिवशी कोणी 'मंडळात आला' म्हणत नाही. गुणवत्ता यादी लागत होती तेव्हा पोरगं 'बोर्डात' यायचं.

कपाटाबद्दल एक गैरसमज पुष्कळ ऐकू येतो, तो इथेच दूर करतो. कप ठेवायची उघडी फळी ती 'कपबोर्ड'. पुढे तिला दारं लागली, आणि उच्चारातला 'प' गळून ते 'कबर्ड' झालं. त्यावरून आपलं 'कपाट' आलं असं अनेकांना वाटतं. पण कपाट संस्कृत आहे, अर्थ दाराची फळी. केदारनाथचे कपाट उघडले असं म्हणतो त्यात तो जुना अर्थ जिवंत आहे. दोन्ही शब्दांत फळी आहे, नाद जुळतो, तरी नातं नाही.

यंत्रयुगात बोर्डाला नवी संतती झाली, आणि तीही बहुतेक लाकडातूनच. घोडागाडीत पुढे बसणाऱ्याच्या अंगावर खुरांचा चिखल उडू नये म्हणून एक आडवी फळी लावत, ती डॅशबोर्ड. तीच पुढे मोटारीत आली, आता संगणकाच्या पडद्यावर आकडे दाखवते. रेडिओ जोडायचा छंद असलेली मंडळी स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी घेऊन तिच्यावर खिळे ठोकून तारा जोडत. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याच्या हातातला प्लॅस्टिकचा ब्रेडबोर्ड ते नाव अजून सांभाळतो. आपल्या जुन्या घरांत तर काळी बटणं बसवलेला सागवानी स्विचबोर्ड काल-परवापर्यंत खरोखरच लाकडाचा होता. शाळेतल्या ब्लॅकबोर्डाला मात्र आपण मनापासून 'फळा' म्हटलं, आणि तो शब्द टिकला.

मूळचा अर्थ मराठीत सगळ्यात उशिरा आला. परीक्षेचं, कारभाराचं, जेवणाचं, पाटीचं असं सगळं बोर्ड येऊन गेल्यावर, प्लायवूड आणि ब्लॉकबोर्डाच्या दुकानांतून. स्वयंपाकघराचं काम निघालं की मिस्त्री टेपने जागा मोजतो, कानामागची पेन्सिल काढतो, भिंतीवर खूण करतो आणि विचारतो, "बोर्ड कुठला आणू, १९ एमएमचा की १२चा?"