क्लच घसरतोय की सुटत नाहीये?

‘गाडी पिकअप घेत नाही’ किंवा ‘गिअर पडत नाही’ असं सांगत गाडी गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: क्लच गेलाय, सेट बदलावा लागेल. सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत, हे भाग मिळायला वेळ लागत नाही, पण ते बसवायचे तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि मजुरी तिथेच चढते. या दोन तक्रारी मात्र एकमेकींच्या उलट आहेत. पहिलीत क्लच नीट पकडत नसतो, दुसरीत नीट सोडत नसतो. आपल्या गाडीत यातलं काय चाललंय ते एकही पाना न लावता कळू शकतं, आणि गिअरबॉक्स उतरण्याआधीच कळायला हवं.

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक फिरत असतं. त्याला टेकून क्लच प्लेट असते, तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर असतं, आणि मागून प्रेशर प्लेट तिला दाबून धरते. हा दाब येतो डायफ्राम स्प्रिंगमधून. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग या स्प्रिंगच्या बोटांना रेटतं, दाब निघतो आणि प्लेट मोकळी होते. या सगळ्यात दाता कुठेच नाही, पकड निव्वळ घर्षणाची आहे. क्लचच्या पुढे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत मात्र दात्यांत दाते अडकलेले असतात. म्हणून एका गिअरमध्ये इंजिनचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आणि गाडीचा वेग यांचं गुणोत्तर पक्कं असतं. समजा चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला गाडी ताशी ५० किलोमीटरने धावते, तर ३,००० ला ती ७५ ने धावलीच पाहिजे. टायर रस्त्यावर घसरत नसेल आणि हे गणित बिघडलं असेल, तर घसरायला जागा एकच उरते.

तपासणी यातूनच निघते. सकाळी लवकर, मोकळ्या सरळ रस्त्यावर किंवा हलक्या चढावर, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास चालताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग जागच्या जागी राहिला, तर क्लच घसरतोय. काटा आणि वेग दोन्ही रेंगाळत का होईना, बरोबरीने चढले, तर क्लच निर्दोष आहे. मग एअर फिल्टर, इंधनाचा पुरवठा, धरून बसलेला ब्रेक यांच्याकडे बघायचं. वरच्याच गिअरमध्ये का? खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेते, इंजिनवर भार टिकत नाही आणि अर्धवट झिजलेला क्लचही निभावून नेतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनचा सगळा जोर बराच वेळ प्लेटवर राहतो. हँडब्रेक ओढून, तिसरा टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही जुनी रीत पुष्कळजण वापरतात. तीत इंजिन चालूच राहिलं तर क्लच संपला हे नक्की. पण ते बंद पडलं म्हणून क्लच ठणठणीत आहे असं मात्र समजू नये.

क्लच ‘अचानक’ गेल्यासारखा वाटतो, त्याचं कारण डायफ्राम स्प्रिंगमध्ये आहे, आणि ते मला फार सुंदर वाटतं. साधी गुंडाळलेली स्प्रिंग सैल होत जाते तसा तिचा दाब सरळ घटतो. डायफ्रामचं तसं नाही. अस्तर झिजू लागलं की तिचा दाब आधी थोडा वाढतो, मग उतरतो. त्यामुळे झीज बरीच पुढे जाईपर्यंत पकड शाबूत राहते आणि शेवटच्या टप्प्यात भराभर ढासळते. झिजेची खूण आधीच मिळत असते, फक्त पायाला: पेडल जड होत जातं. पेडलची ओढ केबलने पोहोचवणाऱ्या क्लचमध्ये आणखी एक खूण असते. प्लेट पातळ होते तशी स्प्रिंगची बोटं बेअरिंगकडे सरकतात, केबलमधला प्ले, म्हणजे मोकळी ढील, कमी होतो आणि पेडल बरंच वर आल्यावरच क्लच पकडायला लागतो. प्ले पूर्ण संपला तर पाय काढलेला असतानाही बेअरिंग बोटांना रेटत राहतं आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. हे निव्वळ केबलच्या सेटिंगचं काम आहे. सेट बदलण्याआधी प्ले मोजायला सांगाच.

झीज कशी होते हे बघायचं तर रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते तिथे बघावं. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्यांच्या बोनेटखालून जळका वास येत असतो. हिशोब करू. गाडी ११०० किलोची, चढ दहास एक. गाडीला मागे ओढणारा जोर साधारण १०८० न्यूटन. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर आणि पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १४ धरलं, तर क्लचवर सुमारे २२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो. इंजिन १,२०० आरपीएमवर, प्लेट स्थिर, म्हणजे दर सेकंदाला जवळपास २,७०० जूल उष्णता. घरातल्या गिझरपेक्षा जास्त शक्ती, आणि तापायला पाण्याची टाकी नाही, एक पातळ अस्तर आहे. अशा वेळी हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलला टाकावी आणि पुढची हलली की क्लच सोडत निघावं.

आता उलटी तक्रार. गिअर पडत नसेल तर आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, म्हणजे पेडल दाबूनही प्लेट पूर्ण सुटत नाही. दोन्ही वेळा अडत असतील तर गिअरच्या लिंकेजमध्ये (दांडा आणि गिअरबॉक्स यांमधल्या जोडणीत) किंवा गिअरबॉक्समध्ये दोष. रिव्हर्स इथे चांगला साक्षीदार ठरतो, कारण बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रोनायझर, म्हणजे दाते अडकण्याआधी त्यांचा वेग जुळवणारा भाग, नसतो. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही ‘खर्रर्र’ झालं तर क्लच सुटत नाहीये. हायड्रॉलिक क्लच, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा, असेल तर पेडल दोन-तीनदा पंप करा. त्यानंतर गिअर पडला तर ऑइल गळतंय, लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा सिलिंडरचे सील गेलेत. पेडलच्या मुळाशी ओल आहे का ते हात लावून बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डब्यातलं ऑइल वापरतात, तेव्हा डब्यातली पातळी उतरली असेल तर गाडी तशीच पुढे दामटू नका. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला, क्लचला रेटणारा स्लेव्ह सिलिंडर किंवा केबल बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आवाजाचं सोपं आहे. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा, दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून जोर आत नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. क्लच सोडत निघताना गाडी थरथरत असेल तर प्लेटला ऑइल लागलेलं असू शकतं, फ्लायव्हील तापून डागाळलेलं असू शकतं किंवा इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार) फाटलेलं असू शकतं. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिलेली गाडी पहिल्या एक-दोन सिग्नलला थरथरून मग ठीक झाली, तर फ्लायव्हीलवरचा हलका गंज निघून गेला, इतकंच.

आणि गिअरबॉक्स उतरवलाच, तर जुनी प्लेट हातात घेऊन बघा. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलं असेल तर निदान बरोबर होतं. रिव्हेट अजून खोल आहेत आणि प्लेट कोरडी आहे, तर बिघाड कदाचित दुसरीकडेच होता. ती तेलकट असेल तर ऑइल सील बदलल्याशिवाय नवी बसवू देऊ नका, तीही खराब होईल. बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणात, साचलेली काळी पूड हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका. जुन्या अस्तरांत श्वासातून गेल्यास घातक ठरणारं ॲस्बेस्टॉस वापरलं जाई, आणि समोरच्या प्लेटमध्ये काय आहे ते डोळ्यांनी कळत नाही. गॅरेजमधली पोरं नाकाला रुमालही न बांधता त्या धुरळ्यात उभी असतात. पूड ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा आणि त्यासाठी दहा मिनिटं जास्त लागली तर थांबा.