पिलाटिस शिकवणाऱ्याची पात्रता: नियम कुठून आले, कुठे अडले

दादर-पार्ल्यापासून ठाण्यापर्यंत जिमच्या पाटीवर झुंबाशेजारी ‘पिलाटिस’ (चटईवर किंवा खास साधनांवर, हालचालींवर ताबा ठेवून करायचा व्यायाम) हा शब्द आता सर्रास दिसतो. तो लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

जोसेफ पिलाटिस (१८८३–१९६७) मूळचे जर्मनीचे. लहानपणी दमा आणि मुडदुसाने बेजार असलेला हा मुलगा व्यायामाकडे वळला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये नजरकैदेत होते. १९२६च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारासह त्यांनी स्टुडिओ चालवला. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. शिष्य त्यांच्या नजरेखाली घडले आणि काहींनी पुढे स्वतःचे स्टुडिओ काढले. गिरणगावातल्या तालमींत वस्तादाच्या हाताखाली पठ्ठे तयार व्हायचे, तसंच हे. कुणाकडे शिकला, हीच पात्रता.

पुढे या नावावर ट्रेडमार्कचा हक्क सांगितला गेला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २०००मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की योग किंवा कराटेप्रमाणे पिलाटिस हे व्यायामप्रकाराचं नाव आहे, कुणा एकाची मालमत्ता नव्हे. निकाल योग्यच होता, पण नाव मोकळं झालं तसं ते कुणालाही वापरता येऊ लागलं. म्हणून २००१मध्ये अमेरिकेत ‘पिलाटिस मेथड अलायन्स’ उभी राहिली आणि तिने प्रमाणपत्र परीक्षा आणली. मॅटसह (म्हणजे जमिनीवरच्या चटईसह) रिफॉर्मर, कॅडिलॅक, चेअर, बॅरल अशा पिलाटिसच्या सगळ्या खास साधनांच्या प्रशिक्षणासाठी ४५० तास हा मापदंड तिथेच रुळला. त्यात निरीक्षण, स्वतःचा सराव आणि देखरेखीखाली शिकवणं हे सगळं येतं. नुसत्या मॅटचा कोर्स याहून पुष्कळ लहान असतो.

आपल्याकडे योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ आहे, पण तेही ऐच्छिक. पिलाटिससाठी तसं सरकारी मंडळ नाही. जिमच्या गुमास्ता परवान्यावरून (दुकान-आस्थापनेच्या नोंदणीवरून) ट्रेनरच्या शिक्षणाबद्दल काहीच कळत नाही.

मला काळजी वाटते ती साठीतल्या बायकांची. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला पाठ गोल करून पुढे वाकायला लावलं, तर मणका दबून फ्रॅक्चर होण्याचा धोका असतो. पिलाटिसच्या मॅटवरचे कितीतरी प्रकार नेमके असेच आहेत. चांगला शिकलेला प्रशिक्षक आधी हाडांची तपासणी झाली आहे का हे विचारतो आणि ते प्रकार गाळतो. म्हणून फी भरण्याआधी ट्रेनरला दोन गोष्टी विचाराव्यात: प्रशिक्षण किती तासांचं होतं, आणि ते फक्त मॅटचं की सगळ्या साधनांचं?