पेशी गोल राहिल्या म्हणून डिश परत पाठवण्याआधी

मऊ जेलच्या कल्चर डिश वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

"सर, तुमच्या डिशवर पेशी पसरतच नाहीत." आठवड्यातून दोनतीनदा तरी हा फोन येतो. डिशवरच्या जेलचा कडकपणा १ किलोपास्कल, म्हणजे खूपच कमी असेल, तर फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) गोलसरच राहणार. ती डिश घ्यायची ती त्यासाठीच. रोजच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या डिशचा कडकपणा गिगापास्कलमध्ये मोजतात, म्हणजे मेंदूच्या ऊतीच्या दहा लाख पटींहून जास्त. पेशी इंटिग्रिन या आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी खालचा पृष्ठभाग धरते आणि ओढून पाहते. खालून विरोध झाला, की पकड घट्ट करते, पसरते, याप (YAP) हे जनुकांचे काम बदलणारे प्रथिन केंद्रकात जाते. विरोध नसला, की याप बहुतांशी बाहेरच राहते. २००६ मध्ये एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या स्टेम पेशी अशाच जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्यांना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या, स्नायूइतक्या जेलवर स्नायूची आणि त्याहून कडक जेलवर हाडाची लक्षणे दिसली. मीडियम, म्हणजे पेशींचे पोषक द्रव, मात्र तेच होते.

पेशी चिकटतच नसतील, तरंगत असतील, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी बहुतेकदा जेल सुकलेले निघते. आमचे जेल पॉलिॲक्रिलामाइडचे असते; त्याला पेशी आपणहून धरत नाहीत, म्हणून आम्ही त्यावर कोलॅजेन या प्रथिनाचा अगदी पातळ थर रासायनिक बंधाने बसवतो. तुम्ही पीबीएस (जेल ओले ठेवणारे क्षारद्रव) पूर्ण ओढून घेता, डिश हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, उघडी ठेवता आणि पेशी मोजायला जाता. तेवढ्यात हवेच्या झोताने जेल आकसते, भेगा पडतात, कडेने काचेपासून सुटते. मीडियम घातल्यावर ते पुन्हा फुगते आणि वरून ठीक दिसते, पण लेबलवरच्या कडकपणाचा आता भरवसा नाही. पेशी आधी मोजून तयार ठेवा. मग पीबीएस काढा, तळाशी थोडे राहू द्या, आणि लगेच पेशी घाला.

"कोरडी पाठवा, कुरिअर स्वस्त पडेल," असे काही जण सुचवतात. वरच्याच कारणासाठी आम्ही ते करत नाही. डिश ओलीच येते. फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा, गोठवू मात्र नका, बर्फाने जेल फाटते.

पेशी दाट पेरू नका. एकमेकींना टेकल्या, की त्या शेजारणीलाच ओढू लागतात आणि जेलचा मऊपणा झाकला जातो.

प्रत्येक प्रयोगात त्याच कोलॅजेनची कडक जोडडिश ठेवा. आमच्याकडे १ आणि ४० किलोपास्कलची जोडी एकाच पाकिटात मिळते. मऊवर गोल आणि कडकवर पसरलेल्या दिसल्या, तर डिश बरोबर आहे. दोन्हींवर तरंगत असतील, तर दोन्हींचे फोटो आणि झाकणावरचा बॅच क्रमांक पाठवा. त्याच बॅचच्या राखून ठेवलेल्या डिशवर आम्ही पेशी वाढवून बघतो. दोष आमचा निघाला, तर सगळा बॅच बदलून देतो.