सायकलवरून जाणारी तार आणि महासत्तांची हॉटलाइन

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते, तेव्हा वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रीनिन यांचा मॉस्कोला जाणारा सांकेतिक मजकूर न्यायला तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून दूतावासात येत असे. तो वाटेत कुठे गप्पा मारत थांबू नये, एवढीच प्रार्थना आपल्या हाती होती, असे डोब्रीनिन यांनी पुढे आठवणींत लिहिले. २६ ऑक्टोबरचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे लांबलचक पत्र अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हाती पूर्णपणे येईपर्यंत जवळपास १२ तास गेले. दोन दिवसांनी क्षेपणास्त्रे मागे घेण्याचा निर्णय मॉस्कोने रेडिओवरूनच जाहीर केला, तो वेळ वाचवण्यासाठी.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील स्पर्धेला नियमांची चौकट मिळाली ती या धास्तीतून. दोघांचा परस्परांवर विश्वास बसला म्हणून ती मिळाली, असे मानणे चुकीचे ठरेल. २० जून १९६३ रोजी जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला हॉटलाइन सुरू झाली. आपल्या मनात लाल टेलिफोनचे चित्र असते. प्रत्यक्षात ती लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी या मार्गे मॉस्कोला जाणारी टेलिप्रिंटरची लाइन होती. घाईत बोललेल्या शब्दाचा भलताच अर्थ लागू नये म्हणून संवाद लेखी ठेवला होता आणि प्रत्येक बाजू आपापल्या भाषेत लिहीत असे.

तिचा खरा कस लागला तो जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात. ८ जूनला इस्रायलने अमेरिकेच्या ‘लिबर्टी’ या जहाजावर हल्ला केला आणि भूमध्य समुद्रातील विमानवाहू जहाजांवरून अमेरिकी विमाने झेपावली. ही विमाने केवळ त्या जहाजाच्या चौकशीसाठी निघाली आहेत, असे अध्यक्ष जॉन्सन यांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना हॉटलाइनवरून कळवले. एरवी ही हालचाल मॉस्कोने कशी वाचली असती, या विचाराने आजही काळजाचा ठोका चुकतो. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी, ‘एंटरप्राइझ’ ही अमेरिकी विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघालेली असताना, हीच हॉटलाइन निक्सन यांनीही वापरली.

समुद्रावरची कुरबुर मात्र राष्ट्रप्रमुखांच्या संदेशांनी मिटणारी नव्हती. मे १९६७ मध्ये जपानच्या समुद्रात ‘वॉकर’ या अमेरिकी विनाशिकेला लागोपाठ दोन दिवस दोन सोव्हिएत युद्धनौका घासून गेल्या. दुसऱ्याच्या मार्गात घुसणे, तोफा रोखणे, प्रखर झोत टाकून समोरच्या जहाजाच्या अधिकाऱ्यांना दिपवणे, हा दोन्ही आरमारांचा नित्याचा खेळ झाला होता. २५ मे १९७२ रोजी मॉस्कोत अमेरिकेचे नौदलमंत्री जॉन वॉर्नर आणि सोव्हिएत नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह यांनी सही केलेल्या करारात असल्या प्रकारांना मनाई आली, आणि दरवर्षी दोन्ही नौदलांनी एकत्र बसून तक्रारी निकालात काढायचे ठरले. दुसऱ्याच दिवशी अण्वस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या पहिल्या करारांवर सह्या झाल्या. प्रसिद्धी त्यांना मिळाली. माझ्या मते टिकाऊपणात आरमारी करार सरस ठरला, कारण त्याची अंमलबजावणी त्याच पेशाच्या माणसांकडे होती. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि बाकीचे संबंध गोठले, तरी या बैठका होत राहिल्या.

अमेरिका आणि चीन यांच्यात अशी चौकट उशिरा आणि अर्धीमुर्धी आली. समुद्री सुरक्षेबाबत सल्लामसलतीचा करार १९९८ मध्ये झाला, तरी १ एप्रिल २००१ रोजी हैनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमानाची चिनी लढाऊ विमानाशी टक्कर होऊन चिनी वैमानिक प्राणास मुकला. दोन्ही संरक्षण मंत्रालयांमध्ये थेट फोनची सोय २००८ मध्ये झाली. मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला जाऊन आल्यावर चीनने लष्करी पातळीवरच्या अनेक चर्चा थांबवल्या. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेने आपल्या आकाशात शिरलेला चिनी बलून पाडला, त्या दिवशी तिच्या संरक्षणमंत्र्यांनी चिनी संरक्षणमंत्र्यांशी बोलण्याची विनंती केली. बीजिंगने ती नाकारली. लष्करी संवाद पुन्हा सुरू करायला दोन्ही बाजू राजी झाल्या त्या नोव्हेंबर २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियात बायडेन आणि शी जिनपिंग समोरासमोर बसल्यानंतर.