हाडांनाही कॉशन लागतं

जळगावच्या मेहरूण तलावावर पहाटे साडेपाचला आमचं टोळकं जमतं. त्यात एक नाना आहेत, भुसावळहून इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. मागच्या पावसाळ्यात मी या लोकांत घुसलो तेव्हा दोन किलोमीटरला माझी जीभ बाहेर यायची. दीड महिन्यात सहा किलोमीटर सहज जमू लागले आणि डोक्यात हवा गेली. पुढच्या रविवारी सगळे शिरसोली रस्त्याने चौदा किलोमीटरला निघाले. "तू तीनवरून मागे फीर, तुझे सहा होतील," नाना म्हणाले. पण गप्पा रंगल्या होत्या, हवा गार होती, पाय आपोआप पडत होते. चौदा पूर्ण केले. कुठेही काही दुखलं नाही. घरी येऊन शेवभाजीवर आडवा हात मारला.

बुधवारी जिना उतरताना उजव्या नडगीत कळ आली. डॉक्टरांनी अंगठ्याने नडगी चाचपली आणि एका बिंदूवर दाबताच मी ओरडलो. एक्स-रे स्वच्छ निघाला. मी खूश, डॉक्टर नाहीत. नडगीच्या कडेने वीतभर पसरलेलं दुखणं वेगळं आणि बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं वेगळं, हे त्यांनी समजावलं. दुसऱ्या प्रकारात हाडाला सूक्ष्म चीर पडत असू शकते. ती पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. धावणं सहा आठवडे बंद.

हे नानांना सांगितलं तर ते हसले. "अरे भो, रूळ उखडून नवी गिट्टी टाकली की तिथं कॉशन लागतं, म्हणजे वेग कमी ठेवायचा हुकूम. गाडी ताशी वीसनी न्यायची. इंजिनात दम नसतो म्हणून नाही, रूळ अजून बसलेला नसतो म्हणून."

शरीरात नेमकं हेच चाललेलं असतं. धावताना प्रत्येक पाऊल वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोराने जमिनीवर पडतं. किलोमीटरला साधारण हजार पावलं धरली, तर मी त्या रविवारी सवयीपेक्षा आठ हजार पावलं जास्त टाकली, एकेका पायाला चार हजार. असा नवा भार आला की हाड स्वतःची डागडुजी काढतं. आधी हाड कुरतडणाऱ्या पेशी येतात आणि जुना, थकलेला भाग खणून काढतात. हे काम तीनेक आठवड्यांत उरकतं. मग हाड बांधणाऱ्या पेशी तो खड्डा भरायला घेतात, आणि त्यांना तीन-चार महिने लागतात. म्हणजे खोदकाम लवकर, भराव उशिरा. महानगरपालिकेच्या रस्त्यासारखंच, फक्त इथे भराव खरोखर होतो. मधल्या काळात हाड आधीपेक्षा थोडं कच्चंच असतं, आणि धावणं सुरू करून महिना-दीड महिना झालेला माणूस बरोबर या टप्प्यावर असतो. पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंधही असाच सावकाश बदलणारा.

गोची अशी की इंजिन मात्र तोवर तयार झालेलं असतं. नियमित व्यायाम सुरू केला की काही दिवसांतच रक्तातलं द्रव वाढतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढायलाही काही आठवडेच पुरतात. १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना पट्ट्यावर पळवून दाखवलं, की तीनेक महिन्यांच्या सरावाने स्नायूंमधली ही क्षमता जवळपास दुप्पट होते. त्यामुळे दीड महिन्यात धाप लागेनाशी होते आणि आपण समजतो, झालो तयार. धाप इंजिनाची खबर देते. रुळाची देत नाही.

मग अंतर वाढवायचं किती? दर आठवड्याला एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा धावणाऱ्यांचा जुना मंत्र. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी तो तपासला. पाचशेहून अधिक नवख्यांचे दोन गट केले. एकाला दहा टक्क्यांच्या हिशोबाने १३ आठवडे, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने ८ आठवडे. २००८ साली निकाल आला: दोन्ही गटांत पाचातल्या साधारण एकाला दुखापत. मंत्राचा फायदा दिसलाच नाही.

२०२५ साली डेन्मार्कच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासाने यातलं कोडं बरंचसं उलगडलं, असं मला वाटतं. मनगटी घड्याळांतून ५,२०५ धावपटूंची दीड वर्षाची नोंद त्यांनी पाहिली. आठवड्याची बेरीज वाढली म्हणून दुखापती वाढल्या असं दिसलं नाही. फरक पडत होता एखाद्याच सकाळच्या धावेने. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एकाच वेळी काढलं की धोका वाढत होता, आणि दुपटीच्या वर गेलं की तो दुपटीहून जास्त होत होता. माझं सहाचं चौदा या शेवटच्या खान्यात बसतं.

हिशोब करून बघा. सहावरून चौदावर जायला लांब धाव दर आठवड्याला दहा टक्के वाढवली, तर नऊ वाढी लागतात. दर तीन वाढींनंतर एक आठवडा हलका ठेवला की झाले अकरा आठवडे. पोळ्याला सुरुवात केली, तर त्रिपुरी पौर्णिमा उलटते. मी हा प्रवास एका रविवारी उरकला होता.

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता: त्या दिवशी दुखलं कसं नाही? ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी विद्यापीठाच्या १२ वल्हवणाऱ्या खेळाडूंना व्यायामशाळेतल्या यंत्रावर एकेकट्याने आणि मग एकत्र वल्हवायला लावलं. मेहनत दोन्हीकडे तेवढीच. त्यानंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवत नेला आणि कळ कधी नकोशी होते ते पाहिलं. एकत्र वल्हवल्यावर कळ सोसायची ताकद एकट्याच्या मानाने ठळकपणे वाढलेली होती. मेंदूत पाझरणाऱ्या एंडॉर्फिन या वेदना दडपणाऱ्या रसायनाचा हा परिणाम असावा, असा त्यांचा कयास. माणसं फार थोडी होती, तेव्हा यावर इमले बांधू नयेत. पण टोळक्यात धावलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. सोबत दुखणं झाकते. पहाटे अंथरुणातून उठवते तीच सोबत नडगीची तक्रारही कानावर येऊ देत नाही.

ती ओढतेही. सुमारे अकरा लाख धावणाऱ्यांच्या नोंदींवरून २०१७ साली एक निष्कर्ष निघाला होता, की मित्र एक किलोमीटर जास्त धावले तर आपण साधारण तीनशे मीटर जास्त धावतो. आमच्याकडे तीनशे मीटरवर कुणी थांबत नाही, एवढंच.

सोबतीचा एक उपयोग मात्र कुठल्याच घड्याळाला जमत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येत असली, तर वेग ठीक. मेहनत एका मर्यादेपलीकडे गेली की रक्तातली आम्लता आवरताना जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला श्वास जोरात सुरू होतो आणि वाक्यं तुटतात. म्हणून नाना शेजारी धावताना मुद्दाम विचारतात, "काल भरीत कोणाकडं होतं? किती वांगे लागले?" उत्तर "हो... हो..." असं आलं की लगेच, "हयूहयू चाल रे भो."

उन्हाळ्यात हा हिशोब बदलतो. पारा ४५च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडतो. किती गेला ते बनियनवरच्या मिठाच्या पांढऱ्या रेघांवरून कळतं. उष्णतेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस आम्ही अंतर वाढवत नाही आणि पाच वाजताच निघतो.

सहा आठवड्यांनी परतलो तेव्हा आधी एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, अशी सुरुवात केली. टोळक्यानेही पद्धत बदलली आहे. निघताना प्रत्येकाने आपला महिन्यातला सर्वांत मोठा आकडा मोठ्याने सांगायचा आणि आपण कुठून मागे फिरणार तेही. या रविवारी मी म्हटलं, "आठ." वाटेत बारा किलोमीटरवाल्यांच्या गप्पा ऐन रंगात आल्या होत्या. चार किलोमीटरच्या दगडाशी नाना थांबले, बुटाची लेस बांधायचं नाटक केलं आणि मी वळेपर्यंत उठले नाहीत.