फोर्कलिफ्टच्या वावरात पादचारी सुरक्षा

कारखान्यात, गोदामात किंवा डॉकवर फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर माल उचलणारी गाडी) चालू असताना पायी वावरणाऱ्यांना धडकेपासून, चाकाखाली येण्यापासून आणि अंगावर माल पडण्यापासून वाचवण्याची व्यवस्था. यात हेल्पर, माथाडी कामगार, सुपरवायझर सगळे येतात. बाहेरून आलेल्या ट्रकचालकाला जागाच ठाऊक नसते, म्हणून धोका त्याला सर्वाधिक.

पुढच्या मालाला तोल म्हणून फोर्कलिफ्टच्या मागे ओतीव लोखंडाचे वजन असते. त्यामुळे अडीच टन उचलणारी गाडी रिकामीच साधारण साडेतीन-चार टन भरते. वळतात ती मागची चाके. चालकाने डावीकडे वळवली की मागचा भाग उजवीकडे फेकला जातो. गाडी पुढे गेली असे समजून रॅकला टेकून उभा राहिलेला माणूस इथेच चेंगरतो. चालकाची नजर तेव्हा काट्यांच्या टोकावर असते.

ताशी १० किमी वेगाने गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते; चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढे अंतर संपते. शिवाय भरल्या गाडीला करकचून ब्रेक लावला तर पॅलेट (माल ठेवायची फळ्यांची चौकट) काट्यांवरून घसरते.

म्हणून खरा उपाय माणसांची वाट वेगळी करणे हाच. नुसता पिवळा पट्टा पुरत नाही: महिनाअखेरीस त्यावर पॅलेटे रचली जातात आणि माणसे गाडीच्या रस्त्यात उतरतात. लोखंडी कठडा हवा, आणि त्यातले फाटक चालणाऱ्याच्या बाजूला उघडणारे. ते ओढताना पाऊल आपोआप थांबते. शटरमधून माणसे आणि गाड्या एकत्र सोडू नयेत. भर उन्हातून आत शिरलेल्या चालकाला काही सेकंद नीट दिसतच नाही.

आरसे, चमकदार जॅकेट, जमिनीवर झोत टाकणारा गाडीचा निळा दिवा हे नंतरचे. दिवा उन्हात जेमतेम दिसतो, आणि दिवसभर वाजणारा रिव्हर्स हॉर्न कुणी ऐकत नाही. बॅटरीवरच्या गाडीचा तर आवाजही फारसा होत नाही.

चालकाशी बोलायचे तर निदान तीन मीटरांवर थांबून नजरानजर करावी. त्याने काटे खाली टेकवून, हँडब्रेक लावून हाताने खूण केल्यावरच जवळ जावे. उचललेल्या काट्यांखालून, ते रिकामे असले तरी, जायचे नाही: काटे उचलणारी साखळी किंवा हायड्रॉलिक होज (दाबाच्या तेलाची नळी) तुटू शकतो. स्टॉक मोजायला पॅलेटवर माणूस चढवणे सर्रास चालते. ते सक्त बंद हवे.

मालाने समोरचे झाकले गेले तर सपाटीवर गाडी रिव्हर्समध्ये न्यावी, किंवा खूण करणारा माणूस द्यावा. चालताना काटे जमिनीपासून १५-२० सेंमी वर असतात. त्याच उंचीवर ते सोडून चालक जेवायला गेला, तर पुढच्या माणसाची नडगी फुटते. काटे जमिनीला टेकवूनच किल्ली काढायची.